सात नंबरची पट्टी

डॉ. मारुतीराव घाडी यांच्या उजव्या हाताच्या अनामिकेवर एक आडवा वण होता. तो नसता तर बेळगावातल्या त्यांच्या संशोधन संस्थेत निम्मी भाषणं झालीच नसती. खानापूरकडच्या गावात, लहानपणी, म्हशीसाठी गवत कापताना विळा लागला, बोटाचं टोक लोंबायला लागलं, आईनं हळद दाबून चिंधी बांधली आणि तसल्या बोटानं मारुतीनं दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर दिला, अशी ती कथा. पाहुणा कुठलाही असो, स्वागत शिक्षकदिनाचं असो की अग्निशमन प्रात्यक्षिकाचं, सर बोट वर करत आणि म्हणत, "शिक्षण म्हणजे काय, ते या बोटाला विचारा!" बोटाला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

चंदना मगदूमनं ही कथा पाच वर्षांत चाळीसेक वेळा ऐकली होती. ती सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्यानं भारावून जाणं तिला भाग होतं.

सरांचा विषय लेझरचे स्फटिक. म्हणजे बोटाएवढी एक काचेसारखी कांडी, जिच्यातून लेझरचा किरण निघतो. कांडी परदेशातून यायची, पेपर सर लिहायचे. चंदनाचा विषय त्याला जोडून होता: आकार लक्षात ठेवणारं प्लास्टिक. साच्यात ओतून ओव्हनमध्ये पहिल्यांदा घट्ट केलं की जो आकार बसतो, तो त्याचा मूळ आकार. मग गरम करून गुंडाळा, दाबा, थंड करा, ते निमूट तसंच राहतं. पुन्हा साठ अंशांपर्यंत तापलं की मात्र मूळ आकारावर येतं, कुणाचं काही ऐकत नाही. अशी इवलीशी गुंडाळी रक्तवाहिनीत सोडायची आणि लेझरनं तापवून आतल्या आत उलगडायची, असं चंदनाचं स्वप्न होतं. महिनाअखेरीला नोंदणीची मुदत संपत होती. प्रबंध सादर करण्याच्या फॉर्मवर सरांची सही झाली तर डॉक्टर, नाही तर पाच वर्षं पाण्यात आणि श्रीगणेशा पुन्हा पहिल्यापासून.

अशात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे ट्रॅक्टरपासून कात्रीपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग विज्ञानानं काय पाप केलंय? दुपारी तीन वाजता सगळा विभाग प्रयोगशाळेत जमला. गुंडूनं ओव्हनला हार घातला, पंपाला हार घातला, संगणकापुढे लिंबू ठेवलं, आग विझवायच्या नळकांड्यालाही उदबत्ती ओवाळली. गुंडू प्रयोगशाळेचा मदतनीस. बारा वर्षं रोजंदारीवर होता आणि त्याच्या कायम होण्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. त्या दिवशी कुंकवाची वाटी त्याच्या हातात होती, हे सगळ्यांनी पाहिलं. फोटोही निघाले.

चार दिवसांनी लेझर चालू केला तर किरणात दम नाही. कव्हर उघडून पाहिलं, तर कांडीच्या तोंडावर, जिथं धुळीचा कणसुद्धा चालत नाही तिथं, कुंकवाचा ठसठशीत टिळा. लेझरच्या उष्णतेनं तो काचेत भाजून निघाला होता. कांडी कामातून गेली. आणि पुढच्या सोमवारी बेंगळुरूहून तज्ज्ञांची समिती येणार, तीही नेमकी तोच लेझर बघायला.

सरांनी ताबडतोब चौकशी सुरू केली. चौकशी शुक्रवारी सुरू झाली आणि शुक्रवारीच, चहा यायच्या आत, संपली. कुंकू कुणाच्या हातात होतं? गुंडूच्या. खापर फोडायला डोकं सापडलं की चौकशी लांबवण्यात अर्थ नसतो. सर स्वतः खंडेनवमीच्या सकाळी गावी गेले होते आणि पूजेला बरोबर तीनला आले होते, असं अहवालात पहिल्याच ओळीत होतं. खरं तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

गुंडूला विचारलं, तर तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "मी सगळ्यालाच लावलं की वो. त्येला बी लावलं आसंल. आठवत न्हाय बगा."

शनिवारी सरांनी चंदनाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक तिचा फॉर्म. दुसरा साक्षीदाराचा जबाब: पूजेच्या वेळी गुंडू यांनी स्फटिकास कुंकू लावताना मी प्रत्यक्ष पाहिले. संस्थेचा कारभार कन्नडमध्ये चालायचा, पत्रव्यवहार इंग्रजीत आणि भानगडी मराठीत, म्हणून हा जबाब शुद्ध मराठीत टाइप केलेला होता.

"सर, मी तसं पाहिलं नाही..."

"अगं, कुणीच पाहिलं नाही. म्हणून तर साक्षीदार लागतो." सर प्रेमळ हसले. "समिती गेली की तुझ्या फॉर्मवर सही करतो. आधी हे एवढं उरकून टाक."

चंदना काही सत्याची पुतळी नव्हती. तिनं मनाशी हिशेब मांडला. गुंडू सगळ्यालाच लावत होता, म्हणजे लावलंच असणार. तो स्वतःही नाही म्हणत नाही. मग पाहिलं काय आणि न पाहिलं काय? तिनं सही केली. सही करताना हात थरथरेल असं तिला वाटलं होतं. हात अजिबात थरथरला नाही, आणि त्याचंच तिला नंतर वाईट वाटत राहिलं.

बाहेर आली तर गुंडू चहा घेऊन उभा. "चंदनाक्का, लई बारीक झालायसा. घ्या, आलं घाटलंय." बारा वर्षांत त्यानं संस्थेत दुसऱ्या कुणालाच आक्का म्हटलं नव्हतं. ती चिकोडी तालुक्याच्या बाजूची, त्याची थोरली बहीण तिकडं दिलेली, एवढ्या नात्यावर तिला आक्का. तिनं कप घेतला आणि न पिताच टेबलावर ठेवला.

आता उरला प्रश्न सोमवारचा. त्यावर सरांनी काढलेला तोडगा ऐकून कुणीही तोंडात बोट घातलं असतं. या लेझरचा किरण डोळ्यांना दिसतच नाही, हे विज्ञानाचं केवढं भाग्य! नेम धरण्यासाठी एक लाल दिवा असतो, तेवढा दिसतो. तर लाल दिवा लावायचा, लेझर बंद ठेवायचा आणि चंदनाच्या प्लास्टिकच्या गुंडाळलेल्या पट्टीच्या खाली, टेबलाच्या पत्र्याला चिकटवून, एक छोटी विजेची शेगडी बसवायची. पट्टीला उष्णतेशी मतलब. ती वरून आली की खालून, हे प्लास्टिक विचारत नाही आणि समितीही विचारणार नाही.

रविवारी चंदना आपल्या गावी, बोरगावला गेली. निपाणीपर्यंतची एसटी आणि पुढची वडापची जीप या दोन्हींत तिनं पट्ट्यांचा डबा मांडीवर धरला होता. सोमवारी दाखवायच्या पट्ट्या त्यातून निवडायच्या होत्या. घरी वडील, शांतिनाथ मगदूम, तंबाखूच्या रानातून नुकतेच आले होते.

"आठवणीचं प्लास्टिक आनलंईस व्हय? दाव की जरा आम्हाला बी," ते म्हणाले. पाच वर्षं लेक काय करते ते गावाला समजावून सांगताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. आज डोळ्यांनी बघू तरी, असा त्यांचा विचार.

चांगल्या पट्ट्या कशाला खर्ची घाला, म्हणून तिनं सात नंबरची उचलली. ती वाया गेलेलीच होती. ओव्हनमधून काढली तेव्हा तिच्यात मधेच लालसर खळगा दिसला होता. पण कच्चा माल यायला तीन महिने लागतात, टाकवत नाही, म्हणून तिनं ती गरम करून दाबून सपाट केली, गुंडाळली आणि डब्यात ठेवून दिली होती. आईनं स्टीलच्या वाटीत कढत पाणी ओतलं. चंदनानं गुंडाळी सोडली. ती अळीसारखी हलली, उलगडली, सरळ झाली. शांतिनाथ खूश झाले. आणि मग सरळ झालेल्या पट्टीच्या मधोमध हळूहळू खड्डा पडायला लागला.

"ह्ये कुणाचं बोट गं?" ते म्हणाले.

चंदनानं पट्टी चिमट्यानं उचलून खिडकीशी धरली. बोटच होतं. टोकाचा लांबट ठसा, रेषारेषांत कुंकू अडकलेलं, आणि मधून आडवी जाणारी एक रेघ.

"इळ्याचा वण हाय," शांतिनाथ म्हणाले. त्यांनी आपला डावा हात पुढे केला. त्यावर तसल्याच तीन रेघा होत्या. "इळा उजव्या हातात आसतोय, गवात डाव्या हातात. म्हून वण डाव्याच हाताला. पन कुकू तर उजव्या हातानं लावत्यात. म्हंजे ह्यो मानूस डावरा पायजे. इळा डाव्या हातात धरनारा."

चंदनाच्या डोळ्यांपुढे सरांची सही उभी राहिली. सर डाव्या हातानं सही करतात. पाच वर्षं ती ते पाहत होती.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. खंडेनवमीला साडेअकराला तिनं साच्यांत मिश्रण ओतून ते लोण्यासारखं थिजायला टेबलावर ठेवलं होतं आणि ती जेवायला गेली होती. शेजारी लेझरचं कव्हर पुसण्यासाठी उघडं होतं. बाराला परत येऊन तिनं साचे ओव्हनमध्ये सरकवले. बाहेर काढल्यावर सातव्यात लाल खळगा दिसला तेव्हा कुठूनतरी कुंकू सांडलं असेल, असं म्हणून ती मोकळी झाली होती. गुंडूची पूजा तीनला. त्या वेळी सात नंबरची पट्टी ओव्हनच्या आत पक्की होत होती. म्हणजे कुणीतरी आधीच, एकट्यानंच, मनोभावे, कांडीपासून साच्यापर्यंत जे दिसेल त्याला टिळा लावून गेलं होतं आणि बोटाला चिकट लागलं म्हणून रुमालाला पुसलं होतं. सर गावी होते. अहवालात तसं लिहिलं होतं.

तिनं वडिलांना सरांची कथा सांगितली: विळा, हळद, चिंधी, गणिताचा पेपर.

शांतिनाथ विचारात पडले. "पन त्येनी डाव्या हातानं लिवत्यात म्हंतीस. आन बोट तुटलं उजव्या हाताचं. मग पेपर लिवायला आडचन ती कसली?"

चंदनाला इतकं हसू आलं की आई चुलीपासून उठून बघायला आली. हसता हसता तिला रडूच कोसळलं, कारण जबाबाचा कागद आठवला. वडिलांना तिनं तेवढं सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी ती सरांच्या केबिनमध्ये गेली, ती स्पष्ट बोलायचं ठरवूनच. "सर, त्या दिवशी साचे बाराच्या आधी..."

"चंदना, आज साच्याबिच्याचं काही नको." सरांनी ड्रॉवर उघडून फॉर्म दाखवला आणि पुन्हा बंद केला. त्याच ड्रॉवरमध्ये जबाबही होता. "संध्याकाळी समिती गेली की इकडं तुझ्या फॉर्मवर सही, तिकडं गुंडूचा निकाल. दोन्ही मोकळं."

ती प्रयोगशाळेत आली. डब्यातून तीन नंबरची उत्तम पट्टी काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा आत ठेवली. मग काल रात्री पुन्हा दाबून, गुंडाळून ठेवलेली सात नंबरची काढली. सरांना राग आला तर फॉर्म त्याच ड्रॉवरमध्ये महिना काढील, हे तिला पक्कं माहीत होतं.

समितीत तिघे होते. दोघांचं लक्ष जेवणात काय आहे इकडे होतं. तिसऱ्या वसुंधरा मॅडम, बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. सरांनी स्वागताचं भाषण इंग्रजीत केलं. इंग्रजीत म्हैस जरा हडकुळी वाटली, पण बोट तेवढंच उंच गेलं. "आस्क धिस फिंगर!" सर म्हणाले. वसुंधरा मॅडमनी वाकून बोट नीट पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली. मागे उभ्या गुंडूनं टाळ्या वाजवल्या. त्याला ही कथा मनापासून आवडायची. आपल्यासारखाच गवत कापणारा माणूस एवढा साहेब झाला, याचं त्याला खरोखर भरून यायचं.

लाल दिवा लागला. कॅमेऱ्यातून पट्टी समोरच्या भिंतीवर हातभर मोठी दिसत होती. टेबलाखाली शेगडी गपचूप तापत होती. गुंडाळी हलली, उलगडली, सपाट झाली. जेवणवाल्या दोघांनीही टाळ्या वाजवल्या. सर कॅमेरा बंद करायला पुढे झाले.

"एक मिनिट, सर," चंदना म्हणाली. "अजून पूर्ण आकार आलेला नाही."

भिंतीवर पट्टीचा मधला भाग खचला. कडा वर आल्या. लाल रेषा एकेक करून उमटल्या आणि शेवटी, हातभर लांबीची, आडवी रेघ.

मग वसुंधरा मॅडमनी चष्मा सारखा करत विचारलं, "इदु यार बेरळु?" हे कुणाचं बोट, असं कन्नडमध्ये.

चंदनानं तोंड उघडलं, पण तिच्याआधी मागून आवाज आला. गुंडूचा. अभिमानानं नुसता फुललेला.

"नम्म साहेबरदु, री! आमच्या सायबांचं हाय! त्यो बगा की इळ्याचा वण!"

बारा वर्षांत गुंडूनं समितीपुढे काढलेला हा पहिला शब्द. साहेबांचं बोट भिंतीवर एवढं मोठं लागलं, म्हणजे हा सत्काराचाच काहीतरी नवा प्रकार असणार, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं होतं. सरांचा उजवा हात पँटच्या खिशात गेला. तो एवढ्या घाईनं गेला की सगळ्यांचं लक्ष तिकडंच गेलं.

"आणि हे लाल काय?" मॅडमनी विचारलं.

"कुंकू," चंदना म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "खंडेनवमीचं. हे साचे त्या दिवशी बाराला ओव्हनमध्ये गेले. विभागाची पूजा तीनला झाली. लेझरची कांडी याच कुंकवानं जळली."

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं. मग सहज टेबलावर तळहात टेकवला आणि चटकन उचलला.

"डॉक्टर घाडी," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे लेझर खालून येतो वाटतं?"

यानंतर काय झालं असेल, असं न्यायप्रिय वाचकाला वाटेल, ते काही झालं नाही. समिती जेवली. बासुंदी चांगली होती. अहवालात लिहिलं गेलं की कांडी 'पारंपरिक कारणामुळे' निकामी झाली असून नवीन मागवावी. उपकरणांची पूजा यापुढे बाहेरून करावी. आणि ठसा जपून ठेवण्याचा चंदना मगदूम यांचा प्रयोग लक्षणीय असून त्यावर प्रबंधात वेगळं प्रकरण असावं. शेगडीचा उल्लेख कुठेच नव्हता. गुंडूवरची चौकशी जितक्या चपळाईनं संपली होती तितक्याच चपळाईनं ती कधी झालीच नव्हती असं ठरलं, आणि त्याची फाइल पुन्हा पहिल्या टेबलावरून फिरायला निघाली.

संध्याकाळी सरांनी चंदनाला बोलावलं. प्रकरण वाढवण्यात आता त्यांनाच धोका होता. डाव्या हातानं त्यांनी फॉर्मवर सही केली. उजवा हात टेबलाखालीच होता.

"ती पट्टी दे."

तिनं दिली. सरांनी ती उलटसुलट पाहिली. "हे घासून जात नाही का?"

"नाही सर. दाबून सपाट होतं. पण तापलं की परत येतं. तोच तिचा मूळ आकार आहे."

सरांनी पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि तिथून दुसरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. साक्षीदाराचा जबाब. खाली तिची सही, वळणदार, जराही न थरथरलेली.

"हेही घेऊन जा," सर म्हणाले. "माझं बोट तू सगळ्यांना दाखवलंस. हे मी कुणाला दाखवणार नाही." आणि पुन्हा तेच प्रेमळ हसू. माणूस लबाड खरा, पण मर्मावर बोट ठेवणं त्याला चांगलं जमायचं.

प्रयोगशाळेत गुंडू चहा घेऊन बसला होता, तोंड उतरलेलं. "चंदनाक्का, मी उगंच बोललो काय वो? सायेब माझ्याकडं बगंनात. पोरं म्हंत्यात, माझ्यावर आळ आलता आन तुमी सोडीवला. तुमी माझ्या बाजूनं बोलला म्हंत्यात." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या थोरल्या आक्कानं केलं आस्तं तसं केलासा."

तिच्या पिशवीत कागद चौघडी होऊन पडला होता. फाडून टाकला असता तर संपलं असतं. फक्त सरांना माहीत, आणि सरांची आठवण कशी सोयीनं चालते ते तिनं पाहिलंच होतं. पण गुंडूनं 'आक्का' म्हटलं आणि तिला ते सोसेना. तिनं कागद काढला, टेबलावर दोन्ही हातांनी सपाट केला. घड्यांवरून तो पुन्हा पुन्हा वर येत होता. तसाच तो तिनं गुंडूपुढे ठेवला.

"वाचा, गुंडूआण्णा. शनिवारचा आहे."

गुंडूनं एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. 'प्रत्यक्ष पाहिले' इथं बोट बराच वेळ थांबलं. मग ते खाली सहीपर्यंत आलं.

"मला सही पाहिजे होती, माझ्या फॉर्मवर," ती म्हणाली. "म्हणून केली. मी काही पाहिलं नव्हतं."

गुंडूनं कागदाची परत घडी घातली, आधी होती तशीच, आणि तिच्याकडे दिला. किटलीतून चहा ओतला, कप तिच्यापुढे ठेवला. आलं आजही घातलेलं होतं.

"घ्या, मॅडम," तो म्हणाला. "थंड व्हतंय."